कोरा डेस्कटॉप, अडकलेले प्रोफाइल: सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचे प्रकरण

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणून निर्यात करणारा एक कारखाना आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेची सुट्टी संपवून कार्यालयातील मंडळी कामावर परतली, त्या सकाळी निर्यात आणि लेखा या दोन विभागांतील काही जणांना साइन-इन केल्यावर पूर्णपणे कोरा डेस्कटॉप दिसू लागला. आयकॉन नव्हते, आउटलुक नव्याने खाते मागत होते, प्रिंटरची निवड पुसली गेली होती आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली कोठेच नव्हत्या. निर्यात विभागातील एका ताईंनी फोनवर सांगितले ते असे: "साहेब, माझं सगळं गेलंय बघा. पॅकिंग लिस्टचं फोल्डरच दिसंना झालंय, आणि आज माल न्हावा शेव्याला निघायचाय."

व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आणि टेबलावर फक्त दिसणारा डेस्कटॉप, सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार कधी ना कधी येते. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय, म्हणजे जुने प्रोफाइल (त्या व्यक्तीच्या फाइली आणि सेटिंग्ज यांचा संच) काढून टाकून नवे तयार होऊ देणे, हाच बहुतेक वेळा खरे नुकसान करतो. या प्रकरणातही तसे नुकसान थोडेफार झाले, आणि म्हणूनच ते सविस्तर मांडत आहे.

मांडणी कशी होती

या कार्यालयात टेबलांवर थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरचा पडदा दाखवणारी छोटी यंत्रे, आहेत. प्रत्यक्ष काम चालते ते सर्व्हर रूममधील विंडोज सर्व्हर २०१९ च्या दोन सेशन होस्टवर, म्हणजे अनेकांची सेशन (साइन-इन ते साइन-आउटपर्यंतची कामे) एकाच वेळी चालवणाऱ्या सर्व्हरवर. कोणाला कोणत्या होस्टवर पाठवायचे हे कनेक्शन ब्रोकर त्या त्या वेळचा भार पाहून ठरवतो. माणूस आज एका होस्टवर आणि उद्या दुसऱ्यावर जाणार असल्यामुळे त्याचे प्रोफाइल होस्टवर ठेवून चालत नाही. ते त्याच्याबरोबर फिरले पाहिजे. पूर्वी यासाठी रोमिंग प्रोफाइल वापरत, विंडोज सर्व्हर २०१२ पासून युजर प्रोफाइल डिस्कची सोय आली, आणि आता अनेक ठिकाणी एफएसलॉजिक्स वापरले जाते. एफएसलॉजिक्स ही मुळात स्वतंत्र कंपनी होती. मायक्रोसॉफ्टने ती २०१८ मध्ये विकत घेतली.

एफएसलॉजिक्समध्ये प्रत्येक व्यक्तीचे संपूर्ण प्रोफाइल एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये, म्हणजे एका आभासी डिस्कमध्ये, फाइल सर्व्हरच्या शेअरवर ठेवलेले असते. साइन-इन करताना ही डिस्क त्या होस्टला जोडली जाते आणि सी ड्राइव्हवरील युजर्स फोल्डरमध्ये त्या व्यक्तीच्या नावाचे जे फोल्डर दिसते, ते प्रत्यक्षात या डिस्ककडे वळवलेले असते. साइन-आउट केले की डिस्क सुटते. मूळ रचनेत ही डिस्क लिहिण्यासाठी एका वेळी एकाच सेशनला मिळते, आणि पुढचे सगळे प्रकरण याच नियमाभोवती फिरते.

सुट्टीच्या आधी या मांडणीत एक बदल झाला होता. लेखा विभागाचे सॉफ्टवेअर घरून वापरता यावे म्हणून बाहेरच्या एका सेवादाराने तिसरा सर्व्हर उभा केला आणि ते सॉफ्टवेअर रिमोटअ‍ॅप म्हणून, म्हणजे संपूर्ण डेस्कटॉप न देता फक्त त्या सॉफ्टवेअरची खिडकी दुरून दाखवणाऱ्या पद्धतीने, त्यावरून उपलब्ध करून दिले. हा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या संगणकांच्या आणि खात्यांच्या मध्यवर्ती यादीत, जुन्या दोन होस्टच्याच गटात ठेवला गेला, आणि त्यामुळे एफएसलॉजिक्सची जुनी ग्रुप पॉलिसी (गटातील सगळ्या संगणकांना एकदम लागू होणारी सेटिंग्ज) त्यालाही आपोआप लागू झाली. शेअर तोच, व्हीएचडीएक्स त्याच. या बदलाची कोठेही लेखी नोंद नव्हती. सर्व्हरची यादी स्वतः काढून पाहिल्यावरच तो आम्हाला कळला.

लोकांनी सांगितलेली लक्षणे

तपासाला बसण्यापूर्वी तक्रारदारांशी एकेक करून बोललो. या टप्प्यावर खर्च केलेला वेळ कधी वाया जात नाही, असे माझे मत आहे, कारण वापरणाऱ्याच्या साध्या बोलण्यात लॉग फाइलइतकीच माहिती असते. फक्त ती नीट ऐकून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट अशी कळली की कोरा डेस्कटॉप येण्याआधी प्रत्येकाच्या पडद्यावर गोल चिन्ह बराच वेळ फिरत राहिले होते. किती वेळ, असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी "मिनिटभर" असे सांगितले. एफएसलॉजिक्सला व्हीएचडीएक्स फाइल दुसऱ्याने धरून ठेवलेली आढळली, तर तो दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि असे १२ प्रयत्न झाल्यावर थांबतो. या मूळ सेटिंगप्रमाणे बरोबर ६० सेकंद होतात. परवानगी नसणे किंवा शेअर न सापडणे अशा कारणांत ही ठरावीक वाट पाहणे दिसत नाही. त्यामुळे लॉग उघडण्यापूर्वीच संशय कुलूपबंद फाइलकडे वळला.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सुट्टीत घरून लेखा सॉफ्टवेअर उघडले होते. "पण मी ते बंद केलं होतं," असे प्रत्येकाने आवर्जून सांगितले, आणि ते खरे होते.

तिसरी गोष्ट सर्वांत गोंधळात टाकणारी होती. आयटी विभागातील तरुणाने सकाळी तिसरा सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर काहींचे प्रोफाइल पूर्ववत झाले, काहींचे झाले नाही, आणि काहींचे एकदा बरोबर तर दुपारी जेवणानंतर पुन्हा कोरे दिसू लागले.

लॉगमधील आकडा

एफएसलॉजिक्सच्या लॉग फाइली प्रत्येक होस्टवर प्रोग्रामडेटा फोल्डरमधील एफएसलॉजिक्सच्या लॉग्स फोल्डरात, दिवसागणिक वेगळ्या, साठवल्या जातात. त्यांतील प्रत्येक त्रुटीच्या नोंदीत विंडोजचा एरर क्रमांक हेक्साडेसिमल (सोळाच्या आधाराच्या) पद्धतीत असतो. येथे तो २० होता, म्हणजे दशमान पद्धतीत ३२: फाइल दुसऱ्या प्रक्रियेच्या वापरात आहे. तोच आकडा ५ असता तर परवानगीचा दोष शोधावा लागला असता, आणि हेक्साडेसिमल ७०, म्हणजे ११२ असता तर डिस्क भरल्याचा. हे तीन आकडे लक्षात असले तरी अर्धा तपास सोपा होतो. त्या दिवशी सेवादाराचा ठाम अंदाज असा होता की अँटिव्हायरसच या फाइली अडवत आहे. तो अंदाज अगदीच निराधार नव्हता. व्हीएचडी (आभासी डिस्कचा जुना प्रकार) आणि व्हीएचडीएक्स फाइली स्कॅनमधून वगळल्या नाहीत तर अशी अडवणूक होऊ शकते. परंतु येथे वगळण्याची यादी होस्टवर आणि फाइल सर्व्हरवर दोन्हीकडे व्यवस्थित भरलेली होती.

मग फाइल नेमकी कोणी धरली होती? त्यासाठी फाइल सर्व्हरवरील उघड्या फाइलींची यादी पाहणे पुरेसे असते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधील शेअर्ड फोल्डर्सखाली ती दिसते. पॉवरशेलमधूनही काढता येते आणि तेथे फाइल कोणत्या संगणकाने उघडली आहे हेही कळते. सकाळच्या रीस्टार्टमुळे जुनी कुलुपे सुटली होती, पण त्यानंतर घरून पुन्हा काम केलेल्या एका लेखापालांची व्हीएचडीएक्स फाइल त्या यादीत तिसऱ्या सर्व्हरच्या नावावर उघडी सापडली. स्वतः लेखापाल त्या वेळी आमच्या शेजारी उभे होते आणि त्यांच्याकडे एकही खिडकी उघडी नव्हती.

रिमोटअ‍ॅपची खिडकी बंद केली म्हणजे सेशन संपले, असे वापरणाऱ्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात शेवटची खिडकी बंद झाली की सेशन डिस्कनेक्ट होते, साइन-आउट होत नाही. त्यासाठी रिमोटअ‍ॅप सेशन किती वेळाने लॉगऑफ, म्हणजे साइन-आउट, करायचे ही वेगळी पॉलिसी ठरवावी लागते, आणि ती येथे ठरवलेली नव्हती. डिस्कनेक्ट झालेले सेशन जिवंत असल्यामुळे व्हीएचडीएक्स जोडलेली राहते. सकाळी तीच व्यक्ती कार्यालयात येऊन डेस्कटॉपवर साइन-इन करते. डेस्कटॉप आणि रिमोटअ‍ॅप ही ब्रोकरच्या लेखी दोन स्वतंत्र कलेक्शन (सर्व्हरचे संच) असल्याने तो तिला जुन्या सेशनकडे न नेता नवे सेशन देतो. ते मिनिटभर कुलूप सुटण्याची वाट पाहते आणि अखेर प्रोफाइलशिवाय पुढे जाते.

रीस्टार्टनंतरही काही जण का अडकले

केवळ कुलूप हेच कारण असते तर रीस्टार्टनंतर सगळ्यांचे प्रोफाइल परत यायला हवे होते. तसे न होण्याचे कारण त्या प्रोफाइलशिवाय पुढे गेलेल्या पहिल्या साइन-इनमध्ये दडलेले होते. व्हीएचडीएक्स जोडता आली नाही की विंडोज त्या होस्टवर, सी ड्राइव्हवरच, एक साधे स्थानिक प्रोफाइल तयार करते. पुढच्या वेळी कुलूप सुटलेले असले, तरी त्या होस्टवर या व्यक्तीचे स्थानिक प्रोफाइल आधीपासून आहे असे एफएसलॉजिक्सला आढळते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तो ते प्रोफाइल तसेच वापरू देतो, व्हीएचडीएक्स जोडत नाही. दुसऱ्या होस्टवर मात्र असे स्थानिक प्रोफाइल नसते, म्हणून तेथे सगळे ठीक दिसते. सकाळी एका होस्टवर आणि जेवणानंतर दुसऱ्यावर गेलेल्या माणसाचा डेस्कटॉप एकदा भरलेला आणि एकदा कोरा का दिसत होता, याचा उलगडा येथे झाला.

ही अवस्था ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एफएसलॉजिक्सने प्रोफाइल नीट जोडले असेल तर युजर्स फोल्डरमध्ये त्या व्यक्तीच्या नावाशेजारी, आधी लोकल हा शब्द आणि खालची रेघ असलेले, आणखी एक फोल्डर दिसते. ते नसेल आणि नावाचे एकटेच खरे फोल्डर असेल, तर ती व्यक्ती स्थानिक प्रोफाइलवर काम करत आहे असे समजावे. केवळ प्रोफाइलचा मार्ग विचारून हे कळत नाही, कारण दोन्ही वेळी तो सारखाच दिसतो.

आणखी एका गटाची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट होती. सेवादाराच्या तंत्रज्ञाने मदत करण्याच्या हेतूने काही जणांची युजर्समधील फोल्डरे थेट पुसून टाकली होती. फोल्डर गेले, पण रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील) प्रोफाइललिस्टमध्ये त्या व्यक्तीच्या एसआयडीखालील, म्हणजे विंडोजमधील ओळखक्रमांकाखालील, नोंद राहिली. विंडोज ती नोंद वाचून फोल्डर शोधते, ते सापडत नाही आणि मग तात्पुरते प्रोफाइल देते. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १५११ या क्रमांकाची इव्हेंट नोंद दिसते. स्थानिक प्रोफाइलवर केलेले काम त्या होस्टवर निदान टिकून राहते. तात्पुरत्या प्रोफाइलवर केलेले काम साइन-आउटबरोबर नाहीसे होते. फोनवर बोललेल्या त्या ताई दुपारी याच अवस्थेत होत्या, आणि पॅकिंग लिस्टची नवी फाइल त्यांनी डेस्कटॉपवरच तयार करायला घेतली होती. त्यांना साइन-आउट करू नका असे सांगून प्रथम ती फाइल विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये हलवली. त्यांचे जुने फोल्डर व्हीएचडीएक्समध्ये जसेच्या तसे होते. ते कधी गेलेच नव्हते.

याच ढिगात एक तक्रार पूर्णपणे निराळ्या कारणाची निघाली. डिस्पॅचमधील एका गृहस्थांचे प्रोफाइल जोडले जात होते, परंतु कोणतेही सेटिंग टिकत नव्हते. त्यांनी घरून काम केलेले नव्हते आणि त्यांना मिनिटभर थांबावेही लागत नव्हते. त्यांची डिस्क भरली होती. एफएसलॉजिक्सच्या डिस्कची मूळ कमाल मर्यादा ३०,००० एमबी असते, आणि या गृहस्थांनी अनेक महिन्यांच्या शिपिंग बिलांच्या स्कॅन प्रती डाउनलोड्समध्ये साठवल्या होत्या. त्या सामायिक फोल्डरमध्ये हलवल्यावर काम सुरळीत झाले. एकाच सकाळी आलेल्या सगळ्या तक्रारींना एकच कारण असते असे गृहीत धरले असते, तर हे गृहस्थ आणखी आठवडाभर तसेच राहिले असते.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

एफएसलॉजिक्समध्ये "डिलीट लोकल प्रोफाइल व्हेन व्हीएचडी शुड अप्लाय" असे एक रजिस्ट्री मूल्य आहे. रजिस्ट्रीत हे शब्द जोडून लिहिलेले असतात. ते १ केले की व्हीएचडीएक्स जोडायच्या वेळी आड येणारे स्थानिक प्रोफाइल आपोआप पुसले जाते. नेटवर शोध घेतला की पहिल्या दोन-तीन उत्तरांत हाच उपाय सापडतो आणि तो चालतोही. पण त्या स्थानिक प्रोफाइलमध्ये माणसाने सकाळपासून केलेले काम असू शकते, आणि पुसलेले परत मिळत नाही. सेवादाराने हे मूल्य ताबडतोब लावण्याचा आग्रह धरला होता. आम्ही त्याला स्पष्ट नकार दिला. निर्यातीच्या कारखान्यात एका दिवसाच्या इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट म्हणजे बंदराकडे निघालेला माल असतो. साफसफाईच्या सोयीसाठी तो धोका पत्करणे योग्य नव्हते.

म्हणून प्रथम दोन्ही होस्टवरील आणि तिसऱ्या सर्व्हरवरील खरी स्थानिक प्रोफाइले शोधून काढली. प्रत्येकातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स त्या व्यक्तीच्या नावाने सामायिक जागी उतरवून घेतली आणि त्या व्यक्तीला शेजारी बसवून सगळे आले का, हे पाहायला सांगितले. त्यानंतरच ती प्रोफाइले काढली, आणि तीही सिस्टिम प्रॉपर्टीजमधील युजर प्रोफाइल्सच्या खिडकीतून, म्हणजे फोल्डर आणि रजिस्ट्रीतील नोंद दोन्ही एकदम जातात. ज्यांची फोल्डरे आधीच पुसली गेली होती, त्यांच्या प्रोफाइललिस्टमधील उरलेल्या नोंदींची प्रत फाइलमध्ये उतरवून ठेवून मग त्या काढल्या. वर सांगितलेले मूल्य यानंतर लावले.

मूळ कारणासाठी दोन मार्ग होते. पहिला असा की प्रोफाइलचा प्रकार बदलून एकाच व्हीएचडीएक्सला एकाहून अधिक सेशन जोडू द्यायची. पण त्यात नंतर येणाऱ्या सेशनला केवळ वाचण्यापुरती प्रत मिळते आणि त्यात केलेले बदल साइन-आउटला टाकून दिले जातात. घरून काम करणाऱ्या लेखापालांना हे समजावून सांगणे आणि त्यांनी ते रोज लक्षात ठेवणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे दुसरा मार्ग घेतला. रिमोटअ‍ॅपचा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वेगळ्या गटात हलवला, त्याला स्वतंत्र पॉलिसी दिली आणि त्याची प्रोफाइले वेगळ्या शेअरवर, स्वतंत्र व्हीएचडीएक्समध्ये ठेवली. लेखा सॉफ्टवेअरच्या मोजक्या सेटिंग्जखेरीज तेथे फारसे काही साठत नसल्याने या डिस्क लहान राहतात. सोबतच शेवटची खिडकी बंद झाल्यावर थोड्या वेळात रिमोटअ‍ॅप सेशन लॉगऑफ व्हावे, अशी मर्यादा ठरवून दिली.

शेवटच्या सेटिंगवर व्यवस्थापनाशी बराच वेळ चर्चा झाली. प्रोफाइल जोडता आले नाही किंवा तात्पुरते प्रोफाइल तयार झाले, तर साइन-इनच थांबवून "आयटी विभागाशी संपर्क साधा" असा संदेश दाखवण्याची सोय एफएसलॉजिक्समध्ये आहे; त्यासाठी दोन स्वतंत्र मूल्ये असतात. कारखान्याच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे होते की डिस्पॅचच्या वेळी माणूस अडून बसण्यापेक्षा कोऱ्या डेस्कटॉपवर का होईना, काम करत राहिलेला बरा. त्यांची अडचण खरी आहे, परंतु मी या बाबतीत ठाम राहिलो. चुकीच्या प्रोफाइलवर काम सुरू झाले की फाइली तीन ठिकाणी विखुरतात, आणि त्यांतील कोणती खरी हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. थांबलेला माणूस मात्र लगेच फोन करतो. अखेर दोन्ही मूल्ये लावली गेली, आणि डिस्पॅच विभागात अशा वेळेसाठी व्हर्च्युअल डेस्कटॉपवर अवलंबून नसलेला एक स्वतंत्र संगणक ठेवण्यात आला.

तात्पुरत्या प्रोफाइलवर काम करून आमच्या आधीच साइन-आउट केलेल्या दोघांच्या त्या सकाळच्या फाइली मात्र परत मिळाल्या नाहीत. त्यांपैकी एक इन्व्हॉइस ग्राहकाला ईमेलने गेला होता, तो पाठवलेल्या मेलमधून उतरवून घेतला. दुसऱ्याची यार्नच्या साठ्याची नोंद गोदामातील हस्तलिखित वहीवरून पुन्हा भरावी लागली, आणि ते काम त्या सायंकाळी उशिरापर्यंत चालले.